टिटवीचा कॅमेरा

गोदामाच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, आणि उद्या संध्याकाळी माझी मुलगी तिथून एकटी चालत यायचं म्हणते आहे. हे एवढंच डोक्यात घोळतं आहे. कूस बदलली की तेही माझ्याबरोबर कूस बदलतं. शेवटी उठले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले. काळजी कागदावर उतरवली की निदान तिला कडा तरी येतात. न लिहिलेली काळजी सांडलेल्या तेलासारखी घरभर पसरते.

माझ्या मुलीला अंधारात दिसत नाही. कमी दिसतं असं नव्हे, दिसतच नाही. दिवसा ती सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते, समोरच्या गच्चीवरच्या कबुतराच्या पायात अडकलेली सुतळी तिला इथून दिसते. पण ऊन उतरलं की संपलं. "कोणीतरी डोक्यावर पोतं घालतं, आई, आणि सकाळी काढतं," असं ती लहानपणी सांगायची. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रात्र जाते, मग हळूहळू कडेचं दिसणं जातं, मधलं पुष्कळ वर्षं टिकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेचं जायला सुरुवात झाली आहे. दाराच्या चौकटी हल्ली तिच्या खांद्याला जास्त भेटतात.

घरात तिला टिटवी म्हणतात. जन्मल्या जन्मल्या तिने जो सूर लावला तो ऐकून तिचे बाबा म्हणाले, "मुलगी आहे की टिटवी?" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती हट्टाला पेटली की मी डोक्याला हात लावायची आणि हे मात्र कौतुकाने म्हणायचे, "टिटवीदेखील समुद्र आटवते." मी म्हणायची, "आटवू दे, पण आधी दूध संपवू दे."

तिचा आजार आम्हाला उशिरा कळला, कारण तिने तो कळू दिला नाही. वीज गेली की सगळी इमारत गच्चीवर जमायची. मोठी माणसं उकाड्याला नावं ठेवायची आणि मुलं तारे बघायची. आमची टिटवी सगळ्यांत पुढे. "तो बघ, तो लाल," कोणी म्हणालं की ही म्हणायची, "दिसला की. केव्हाचा बघतेय." एकदा बाबांनी सहज तिचं बोट धरलं. बोट पाण्याच्या टाकीकडे रोखलेलं होतं. खाली आल्यावर मला म्हणाले, "पोरीला डॉक्टरकडे न्यायला हवं." हे लिफ्ट दुरुस्त करतात. आयुष्य लिफ्टच्या विहिरीत लोंबकळत काढलेला माणूस, अंधारात कोणाला दिसतं आणि कोणाला नाही ते त्यांना बरोबर कळतं.

दहावी झाल्यावर तिने कॉलेजात नाव घातलं, एका वर्षात काढलं आणि पुस्तकं बांधायच्या कारखान्यात शिकायला गेली. मी पदवीधर बाई, मला वाईट वाटलं. मग एकदा तिला काम करताना बघितलं आणि वाटणं बंद झालं. कागदाला आडवा-उभा धागा असतो, उलट्या बाजूने दुमडला की पुस्तक आयुष्यभर फुगलेलं राहतं. ती कागदाचा तुकडा हातात घेते, जरासा वाकवते आणि डोळे दुसरीकडे असतानाच सांगते, असा नाही, असा. शिवताना तिच्या डाव्या हाताची बोटं पानांच्या घड्यांमधून अशी फिरतात की वाटतं, पुस्तक आतून कोणीतरी चाचपून बघतं आहे.

कारखान्याच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या, एकट्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडून शब्द घेतला. दिवेलागणीला मी दारात आल्याशिवाय हिला बाहेर सोडायचं नाही. त्यांनी शब्द दिला आणि इतक्या वर्षांत एकदाही मोडला नाही. मला उशीर झाला तर दाराला आतून कडी घालून स्वतः स्टूल टाकून बसतात. मी कडी वाजवली की म्हणतात, "आली तुझी आई. घेऊन जा हो ताई, माल शाबूत आहे." टिटवी माझा दंड धरते आणि आम्ही घरी येतो. ती आता सत्तावीस वर्षांची आहे.

"मला पार्सलसारखं ताब्यात देतात," ती म्हणते. "पोचपावती तेवढी राहिली आहे."

"पार्सल हरवत नाही," मी म्हणते.

"पार्सल कुठे जातही नाही, आई."

तर या मुलीला कॅमेरा हवा झाला. तोही रात्रीचा.

झालं असं की कारखान्यात एका ग्रंथालयाकडून ताऱ्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक बांधायला आलं. पानं सुटली होती, पाठ उसवली होती. ते काम हिच्याकडे आलं. काळ्या पानांवर पांढरे ठिपके, लहान, मोठे, एकमेकांना चिकटलेले, एकटे. ती पानामागून पान शिवत गेली. एका संध्याकाळी घरी येता येता माझ्या दंडाला धरून तिने विचारलं, "खरे तारे असेच दिसतात?"

मी वर बघितलं. "एवढे नाही दिसत. शहरात कुठले."

"आत्ता किती आहेत?"

"चार-पाच असतील. ढगही आहेत."

ती म्हणाली, "आयुष्यभर मी तारे तुझ्या तोंडून बघितले. तुझं लक्ष तर खड्ड्यांकडे असतं."

तिच्या डोक्यात काय होतं ते तिने घरी सांगितलं. कॅमेऱ्याला अंधार आपल्यासारखा नसतो. थोडा जास्त वेळ डोळा उघडा ठेवला की तो प्रकाश साठवतो, आणि मागच्या पडद्यावर उजेडात आणून दाखवतो. पडदा उजळ असतो, तो तिला दिसतो. मी म्हटलं, फोन आहे की. ती हसली. फोन रात्रीचा फोटो काढताना दोन्ही हातांनी स्थिर धरायला सांगतो आणि तिच्या एका हातात काठी असते. शिवाय फोनची काच सगळीकडे सारखी गुळगुळीत. अंधारात बोटाला कळत नाही कुठे दाबायचं. एकदा तिने अर्धा तास फोटो काढले आणि घरी येऊन बघितलं तर सगळे तिच्या स्वतःच्या हनुवटीचे.

"तिकाटणं लावून काढ ना," हे म्हणाले. ट्रायपॉडला हे तिकाटणं म्हणतात.

"बाबा, काठी, तिकाटणं आणि मी. सहा पाय होतील. मुंगी म्हणतील मला लोक."

म्हणजे हवा होता खिशात मावणारा, हातात धरून रात्री बाहेर फोटो काढता येईल असा लहान कॅमेरा. एवढं मला कळलं. तिच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने, कोणालाही न विचारता, एक घेऊन आले. दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं वाचून घेतला होता. त्याची सोंड बाहेर यायची, लांब, आणखी लांब, आणि पार पलीकडच्या इमारतीवरची घड्याळाचे काटे-आकडे जवळ आणायची. मी खूश होते. हिला रस्त्याच्या टोकाचं दिसेल, येणारी गाडी दिसेल, उघडं गटार आधीच दिसेल.

रात्री आम्ही तिघं गच्चीवर गेलो. टिटवीने कॅमेरा आभाळाकडे धरला, बटण दाबलं, वाट बघितली, पडदा डोळ्यांशी नेला.

"आई, तारे वळवळतात?"

मी बघितलं. काळ्यावर पांढऱ्या अळ्या पसरलेल्या. यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "गांडुळं आहेत. पाऊस पडून गेल्यावर निघतात तशी."

सोंड आत घेऊन काढला तरी फोटो खरखरीतच, डाळीचं पीठ सांडल्यासारखा. टिटवीने कॅमेरा हळूच पेटीत ठेवला. रागावली नाही. तिचं न रागावणं मला जास्त लागतं.

"तू लांबचं बघणारा आणलास, आई. मला अंधारातलं बघायचंय."

"लांबचं दिसलं की धोका आधी कळतो."

"कोणाला?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो बदलून घ्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार उतारवयाचे, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच शोधत असलेले. मी म्हटलं, हा नको, रात्रीचा द्या. त्यांनी टिटवीची काठी बघितली, मग टिटवीकडे बघितलं, आणि मला विचारायच्या ऐवजी तिलाच विचारलं, "काय काय बघायचंय?" तेव्हाच मला ते बरे वाटले.

त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. मीही ऐकत होते, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते मला जाणून घ्यायचं होतं. लेन्स जितकी लांब ओढावी तितकं तिचं तोंड बारीक होतं, प्रकाश कमी शिरतो आणि हाताची थरथर मात्र मोठी होऊन दिसते. रात्रीसाठी तोंड मोठं हवं. आत प्रकाश झेलणारी पट्टी असते, तीही जमेल तेवढी मोठी हवी, म्हणजे पीठ सांडत नाही. आणि हात हलला तरी आतल्या आत सावरून घेणारी सोय हवी. लेन्सवर आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं.

घरी हे ऐकल्यावर टिटवीचे बाबा म्हणाले, "बरोबर आहे. आपल्या घरातही सगळ्यांत लहान जी आहे तिचंच तोंड मोठं आहे."

तर दुकानात, काचेवर दुकानदारांनी तीन कॅमेरे मांडले. टिटवीने आधी डोळे मिटले. दुकानदारांना वाटलं तिला चक्कर आली, ते खुर्ची आणायला निघाले. "नाही काका, अंधार करतेय," ती म्हणाली. मग एकेक हातात घेऊन तिने बोटं फिरवली, कारखान्यात पुस्तकाच्या पाठीवरून फिरवते तशीच. पहिला चंदेरी, देखणा, साबणाच्या वडीसारखा. तिने तो लगेच खाली ठेवला. "याला बोलताच येत नाही." त्याला बटणंच नव्हती, सगळं काचेवर. दुसरा भारी होता, मला आवडला, पण एका हाताने सुरू करायला गेलं की बोट लेन्ससमोर यायचं. तिसरा काळा, ठेंगणा, दाढीच्या सामानाच्या पेटीसारखा दिसणारा. त्याला झूम नव्हताच. वर दोन चाकं होती, दातेरी, आणि फिरवली की खट्ट खट्ट वाजायची.

ती ते खटके ऐकत राहिली. एका टोकापर्यंत फिरवायचं, अडलं की समजायचं सुरुवात झाली, मग तिथून खटके मोजत यायचं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. कागदाचा धागा सापडला की तेच येतं.

"हा फारसा कोणी नेत नाही," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाले. "जवळचं करता येत नाही ना यात."

"जवळ जायला पाय आहेत, काका."

"तरी रात्री बघितल्याशिवाय घेऊ नका. इथल्या दिव्याखाली सगळेच गुणी असतात. दुकान बंद करायच्या वेळेला या."

म्हणून पुन्हा एका संध्याकाळी आम्ही दोघी आणि दुकानदार दुकानामागच्या बोळात उभे होतो. कचऱ्याची पिंपं, भिंतीला टेकवलेल्या सायकली, वर कुठेतरी कपडे वाळत घातलेले. बोळात दिवा नव्हता. मला सायकली पुसट दिसत होत्या, पिंपं वासाने कळत होती. टिटवीला काहीच दिसत नव्हतं, तिचा हात माझ्या दंडावर होता. दुकानदारांनी तिला शिकवलं: पाठ भिंतीला टेकायची, कोपर बरगडीत रोवायचं, पट्टा मनगटाला गुंडाळायचा, श्वास सोडायचा, आणि श्वास संपल्यावरच्या शांततेत बटण हलकेच दाबायचं. दाबायचं म्हणजे ढकलायचं नाही.

"सुईसारखं," ती म्हणाली.

तिने माझा दंड सोडला. भिंतीला टेकली. काठी गुडघ्यांमध्ये धरली. खट्ट, खट्ट, खट्ट. श्वास सोडल्याचा आवाज आला आणि एक बारीकशी टिचकी वाजली. पडदा उजळला आणि तिचा चेहरा खालून निळसर झाला. ती बघत राहिली.

"इथे मांजर आहे?" तिने विचारलं.

आम्ही दोघांनी इकडेतिकडे बघितलं. "नाही बाई," मी म्हटलं.

"आहे. भिंतीवर. पाइप वळतो तिथे. आपल्याकडेच बघतंय."

दुकानदारांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वर बघत राहिले. मीही. बराच वेळ नुसती भिंत, आणि मग त्या भिंतीचा एक तुकडा उठला, अंग ताणलं आणि पलीकडे उडी मारून गेला. दुकानदार "बापरे" म्हणाले, अगदी हळू, देवळात बोलावं तसं. आम्हा तिघांत जिला दिसत नव्हतं तिने ते बघितलं होतं. पडद्यावर वीट न् वीट होती. वाळत घातलेल्या सदऱ्याची गुंडी होती. मांजराचे डोळे होते.

माझा सोंडेचा परत करून तिने तो काळा ठेंगणा घेतला. रस्त्यात एकाएकी थांबून म्हणाली, "त्या सदऱ्याची एक गुंडी वेगळ्या रंगाची होती. बघितलंस?" मी बघितलं नव्हतं.

त्यानंतर ती रोज रात्री घरात सराव करू लागली. दिवा बंद करून पलंगावर बसायची आणि खटके मोजायची. हे दाराशी उभे राहून विचारायचे, "किती वाजले?" ती म्हणायची, "झोपायचे." हळूहळू ती खिडकीतून काढू लागली, मग जिन्याच्या तोंडाशी उभं राहून. मी मागे असायचीच. आणि काल, जेवणं झाल्यावर, तिने कोट चढवला, काठी घेतली, कॅमेरा मनगटाला बांधला.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. गोदामाच्या."

"चल, मी चप्पल घालते."

"एकटी, आई."

मी यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्राच्या मागे होते. "तिथला दिवा बंद आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच जायचंय. दिव्याखाली आभाळ दिसत नाही."

"मी उद्या दिव्याच्या तक्रारीचा फोन करणार आहे."

"थोडे दिवस थांब. मला एकदा बघू दे, मग कर."

ती गेली. जिन्यावर काठीचा आवाज उतरत गेला. वर्तमानपत्रामागून हे म्हणाले, "जाऊ नकोस." मी म्हटलं, "कुठे जातेय मी," आणि चप्पल हातात घेऊन, अनवाणी, तिच्या मागे उतरले.

आपल्याच मुलीच्या मागावर चोरासारखं चालायचं म्हणजे काय ते कोणाला सांगून कळायचं नाही. मी समोरच्या बाजूने, भिंतीच्या सावलीतून जात होते. आणि मग मी तिला चालताना बघितलं. इतकी वर्षं ती माझ्या दंडाला असते, त्यामुळे ती कशी चालते हे मला माहीतच नव्हतं. माझ्याबरोबर ती अर्धं पाऊल मागे, खांदे आत ओढून चालते. एकटी चालत होती ती सरळ. काठी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, पाण्यावर वल्हं मारावं तशी. बेकरीपाशी फरशी उखडली आहे. काठीने फरशीची कड चाचपली, ती वळसा घालून पुढे गेली. ठेच मलाच लागली.

गोदामापाशी ती थांबली. भिंत शोधली, पाठ टेकली. मी रस्त्यापलीकडे त्या बंद दिव्याच्या खांबामागे उभी राहिले. गार वारा सुटला होता. तिने कॅमेरा वर धरला, श्वास सोडला, टिचकी वाजली. पडदा बघितला. पुन्हा. मग कॅमेरा खाली आणला, रस्त्याच्या या टोकाकडे एक काढला, त्या टोकाकडे एक, आणि एक सरळ समोर. बघत राहिली. मला तिचा उजळलेला चेहरा दिसत होता. ती हसली.

"आई," ती अंधारात, नेमकी माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "तो खांब तुझ्यापेक्षा बारीक आहे."

काय करणार. खांबामागून निघाले, चप्पल पायात घातली आणि रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले. काहीतरी बोलणार होते, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून काही आणायचं होतं वगैरे. तिने मला बोलू दिलं नाही. माझ्या हातात कॅमेरा दिला आणि म्हणाली, "हे बघ आधी."

मला वाटलं खांबामागची मी असणार. पण आधी आभाळ होतं.

मी काय सांगू. गोदामाच्या छपराची काळी कड खाली, आणि वर सगळं भरलेलं. एवढे तारे या रस्त्यावर आहेत हे मला माहीत नव्हतं. इथे आम्ही संसार केला, इथून रोज जाते-येते, भाजीची पिशवी घेऊन, छत्री घेऊन, हिला घेऊन. टपोरे होते, राईएवढे होते, काही निळसर, एक तांबूस. एका जागी सात-आठ एकमेकांना बिलगून बसलेले, कृत्तिकांचा पुंजका. मी मान वर केली. माझ्या उघड्या डोळ्यांना तिथे फक्त एक धूसर डाग दिसत होता. पुन्हा पडद्यावर बघितलं, पुन्हा वर. हे सगळं आत्ता, या क्षणी, आमच्या डोक्यावर होतं आणि मला दिसत नव्हतं. मला वाटायचं रात्री मी बघते आणि ती बघत नाही. आम्ही दोघी एकाच अंधारात उभ्या होतो, तिच्यापेक्षा मला थोडं जास्त दिसत होतं, एवढाच काय तो फरक.

"पुस्तकात असेच होते," ती म्हणाली. "मी शिवलं ना ते पान. हाच पुंजका. मला वाटलेलं छापताना शाई उडाली असेल."

मी तिला विचारलं, "तू किती वेळ बघितलंस?"

"तू खांबामागे होतीस तेवढा वेळ."

येताना तिने माझा दंड धरला नाही. मी तिच्या अर्धं पाऊल मागे चालले. बेकरीपाशी तीच म्हणाली, "जपून, इथे फरशी उखडली आहे."

दारात आल्यावर तिने मूळ मुद्दा काढला. "उद्या शेवटचं. परवापासून मला आणायला येऊ नकोस."

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"मी मावशींना कितीदा सांगून बघितलं. त्या म्हणतात, तुझ्या आईला शब्द दिलाय, तिने सोडवल्याशिवाय कडी काढणार नाही. तेव्हा फोन तूच करायचा आहेस."

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि झोपायला गेली. आज दिवसभर तिने तो विषय काढला नाही. मी संध्याकाळी नेहमीसारखी गेले, मालकीणबाईंनी कडी काढली, माल शाबूत असल्याचं सांगितलं. टिटवीने दंड धरला. पण तिची बोटं नुसती टेकली होती, धरलं नव्हतं. आणि झोपायच्या आधी कॅमेरा या टेबलावर ठेवून गेली. विसरली नाही. ती वस्तू विसरत नाही, विसरली तर सापडायची पंचाईत.

तर तो इथे माझ्यासमोर आहे. मघाशी उघडून पुन्हा बघितला. आभाळ झालं, रस्त्याचं हे टोक झालं, ते टोक झालं, आणि मग आला समोरचा फोटो. बंद दिव्याचा खांब, त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली मी, हातात चपला. फोटो मोठा करून बघितला. चेहरा स्वच्छ आलाय. इतकी घाबरलेली बाई मी कधी बघितली नव्हती. वर सगळं आभाळ पेटलेलं आहे आणि ही बाई त्याच्याखाली उभी राहून एका मुलीच्या पायांकडे बघते आहे.

मुलीचे पाय व्यवस्थित पडत होते. हेही मी बघितलं आहे, आणि ते बघितलं नाही असं मला म्हणता येत नाही. काळजी जायची नाही. गाडीवाले दिवे न लावता येतात, कुत्री रस्त्यात झोपतात, पाऊस पडला की फरशी निसरडी होते. उद्या संध्याकाळी मी खिडकीत उभी असेन आणि हे मला चहा करून देतील आणि तो गार होईल. बेकरीवाल्याला मात्र फरशीचं सांगणार आहे, त्याला टिटवीची हरकत असायचं कारण नाही. दिव्याच्या तक्रारीचा फोनही करायचाच, तिथून इतर माणसंही जातात. पण तिला अजून दोन-चार रात्री हव्या आहेत, त्या मिळू देत. तो फोन पुढच्या आठवड्यात.

कारखान्याचा सकाळी करते. मालकीणबाई उजाडता उजाडता येऊन खळ शिजवायला ठेवतात, तेव्हा त्या एकट्या असतात आणि फोन लगेच उचलतात. आधी दोन शब्द सुनावतील, मग काय झालं विचारतील. काही झालं नाही, म्हणेन. संध्याकाळी फक्त दाराची कडी तिची तिला काढू द्या.